मुनिनाचं वजन

४ फेब्रुवारी

साडेतेवीस! विश्वासच बसेना. काटा रिकामा तपासला, पाण्याची बाटली ठेवून तपासला, शेवटी स्वतः उभी राहिले. काटा ठीक आहे. पोरगीच कमी झालीय.

छावणीतली पोरं उन्हाळ्यापुरती स्पेनला पाहुणी जातात. सप्टेंबरात मुनिना तिथून परत आली तेव्हा सव्वीस किलो होती. गाल वर आलेले, केसांना चमक. मी स्वतः वहीत 'उत्तम' लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. कशाला मारल्या कुणास ठाऊक! पाच महिन्यांत अडीच किलो गेले. दहा वर्षांची पोर, ऐन वाढायच्या वयात.

तिच्या आईला, देग्जाला, विचारलं, काय घालतेस खायला? "तू दिलेल्या पिठाचाच पाव, सुएल्मा. दुसरं काही नाही." सगळ्या आया हेच म्हणतात. गव्हाच्या दुखण्याची एकेचाळीस पोरं आहेत माझ्या वहीत, आणि एकेचाळीस आयांचं उत्तर एकच. मग पोटं फुगतात कशानं? वाळू खाऊन?

५ फेब्रुवारी

बिनगव्हाचं पीठ आलं नाही. गाडी पुढच्या आठवड्यात. गेल्या आठवड्यातही ती 'पुढच्या आठवड्यात'च होती.

९ फेब्रुवारी

अजून अंगाची लाही होतेय. लिहून काढते, नाहीतर कुणावर तरी निघेल.

मुद्दाम न सांगता देग्जाच्या तंबूत गेले. देग्जा पाणी भरायला गेलेली. तिची सासू, गालियाआजी, एकटी होती. मला बघून म्हातारीला काय आनंद! लगेच कोळसे पेटवले, चहाची केटली चढवली. आता तीन पेले झाल्याशिवाय सुटका नाही, हे मलाही ठाऊक. दुसऱ्या पेल्याबरोबर तिनं ताट पुढे केलं. पांढरेशुभ्र, पातळ पातळ घावन, वर मध. मी सकाळपासून उपाशी. दोन खाल्ले, तिसरा उचलला आणि म्हटलं, "आजी, किती हलके झालेत!"

"होणारच! स्पेनच्या पिठाचे आहेत."

उरलेला अर्धा घावन ताटात ठेवला. "कुठल्या पिठाचे?"

"तू देतेस ना, त्याच. पाहुण्याला काय रेशनच्या गव्हाचं घालू? लाज नाही वाटायची मला?"

"अहो आजी, ते मुनिनाचं पीठ! तिचं औषध आहे ते! मग ती काय खाते?"

"ती घरचीच आहे की. आम्ही खातो ते खाते."

म्हणजे सप्टेंबरपासून हिच्या दारात जो जो आला – शेजारीण, मेव्हणा, पाण्याचा टँकरवाला – त्यानं पोरीचं पीठ खाल्लं. आणि पोरगी घरची म्हणून गहू खात बसली. आणि मी! पीठ वाटणारी नर्स! मी अडीच घावन खाल्ले, वर कौतुक केलं!

ओरडले. नको तितकी ओरडले. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि तिसरा पेला पुढे केला. तो न घेता उठले. असं माझ्या हातून कधी झालं नव्हतं. बाहेर आल्यावर वाईटही वाटलं, पण परत नाही गेले.

१२ फेब्रुवारी

पीठ आलं एकदाचं! एकेचाळीस पोरं, एकोणतीस पिशव्या. वाटपाचं बघणारी मिनेतू म्हणते, "अर्धी अर्धी दे ना." दुखणं अर्धं आहे का? वर तिच्याच भाचीच्या लग्नात गेल्या महिन्यात केक कशाचा होता ते मला आज कळलं. "त्या पिठाचा केक फुगतो छान," म्हणाली. तोंड वर करून म्हणाली!

मुनिनाला अख्खी पिशवी दिली. केला पक्षपात. शिवाय कुलपाचा डबा दिला, किल्ली देग्जाच्या गळ्यात. आणि माझी लाल ताटली दिली. क्युबाहून आणलेली, शिकत होते तेव्हाची. सांगितलं, "उद्यापासून मुनिना सगळ्यांच्या थाळ्यात हात घालणार नाही. हिचं ताट वेगळं, हिचा चमचा वेगळा, बसायचंही थोडं बाजूला. थाळ्यातला गव्हाचा एक कण हिच्या बाजूला येता कामा नये."

देग्जानं मान डोलावली. गालियाआजी म्हणाली, "वेगळं ताट? कुत्र्याला घालतात तसं?"

मुनिना ताटली हातात धरून उभी होती. "मावशी, ही माझीच?" तुझीच, म्हटलं. खूश दिसली.

१८ फेब्रुवारी

बायकांची सभा घेतली – गव्हाच्या दुखण्याची माहिती. सगळीकडे निरोप पाठवले होते. सात जणी आल्या. त्यांतल्या तिघी सावलीला. एक म्हातारेबुवा वाट चुकून आत शिरले आणि शेवटपर्यंत बसले.

भिंतीवर गव्हाच्या लोंबीवर फुली मारलेलं चित्र लावलं. समजावून सांगितलं – आपल्या लोकांत हे दुखणं जगात सगळ्यात जास्त आहे म्हणतात. पोट फुगतं, उंची खुंटते, रक्त कमी होतं, पोरं चिडचिडी होतात. औषध नाही, गोळी नाही, इंजेक्शन नाही. गहू आणि जव बंद, जन्मभर. एवढंच औषध.

म्हातारेबुवा उठले. "पोरी, रेशनला काय येतं?"

"गहू."

"दुकानात काय असतं?"

"पाव."

"मग खायचं काय? तुझं ते चित्र?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, काय करणार! आमचे आजे-पणजे उंटिणीच्या दुधावर जगले. आम्ही चाळीस वर्षांच्या वर दुसऱ्याच्या देशात तंबू ठोकून, दुसऱ्यानं दिलेल्या पिठावर जगतोय. ज्या पिठानं जगवलं त्यानंच पोटं बिघडवली. हे सभेत कसं सांगायचं? देणाऱ्याला काय वाटेल!

चित्र तिथेच राहिलं होतं. संध्याकाळी बघितलं तर कुणीतरी त्यानं खिडकीचं भोक बुजवलंय. वारा सुटला होता, मान्य आहे. तरी पण!

२५ फेब्रुवारी

चोवीस किलो दोनशे!! तेरा दिवसांत! कुलूप आणि ताटली, बस्स. मी वजनाच्या काट्यासमोर टाळ्या वाजवल्या, मुनिनानंही वाजवल्या. तोंडभर हसू, दातांतली मधली फट अजून आहे.

४ मार्च

आज शेजारच्या वस्तीत बारसं होतं. उंट कापला होता. बायकांच्या तंबूत चार थाळे, प्रत्येकाभोवती सात-आठ जणी, गव्हाच्या रव्याच्या कुसकुसाचे ढीग, वर मांस आणि गाजरं. मुनिना लाल ताटली मांडीवर घेऊन कडेला. देग्जानं तिच्यासाठी घरून भात आणला होता. बरं वाटलं बघून. म्हटलं, चला, एक घर तरी सुधारलं.

मी हात धुऊन येते तो काय! मुनिना थाळ्याशी. एका बाईनं तिला मांडीवर ओढलेली, दुसरी हातानं कुसकुसाचा गोळा वळून तिच्या तोंडात घालतेय. "एका घासानं काय होतंय, गं! पोरगी बिचारी एकटी बसलीय!" आणि देग्जा समोर बसून बघतेय. गप्प! परक्या थाळ्यावर कुणाला नाही कसं म्हणायचं, म्हणून गप्प.

माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर देग्जाला म्हटलं, "नीट ऐक. इथून पुढे हिचं वजन उतरत गेलं, तर मी हिचं नाव आजारी मुलांच्या यादीत घालीन. मग ही स्पेनला उन्हाळ्यापुरती नाही जायची. तिकडेच राहील, तिकडेच शाळा, तिकडेच वाढेल. मग बसा थाळ्याभोवती!"

देग्जानं अंगाला गुंडाळलेल्या मेलहफ्याचा पदर तोंडाशी धरला. मुनिना माझ्याकडे टक लावून बघत राहिली. घाबरली असावी. घाबरू दे. बरंच झालं.

५ मार्च

काल जरा जास्तच बोलले. पण मला ठाऊक आहे ती यादी म्हणजे काय. मला अकराव्या वर्षी क्युबाला पाठवलं, शिकायला. परत आले तेव्हा तेवीस वर्षांची होते. माझ्या आईनं मला विमानतळावर ओळखलं नाही. माझ्या शेजारच्या मुलीला मिठी मारली तिनं. मी तिच्यामागे उभी राहून तिच्या खांद्याला हात लावला. हे मी कुणाला सांगत नाही.

म्हणून तर ती धमकी दिली. तिच्याइतकी वाईट दुसरी सुचली नाही.

१४ मार्च

मुनिना दवाखान्यात आली, औषध-बिषध काही नाही, अशीच. हल्ली येते. काट्यावर चढते, उतरते. आज विचारत होती, "मावशी, यादीतली पोरं किती किलोची असतात?" म्हटलं, "तुला कशाला पंचायत? तू वाढव की वजन!" खाली मान घालून बसली. पोरीला भीती बसलीय. तेवढंच खाण्यावर लक्ष राहील.

मग आपणहून स्पेनच्या गोष्टी सांगत बसली. यंदा उन्हाळ्याच्या जागा निम्म्यावर आल्यात, गेल्या वर्षी गेलेल्यांना पुन्हा नाही. तिला ठाऊक आहे ते. विचारलं, तिकडे सगळ्यात काय आवडलं? समुद्र? म्हणाली नाही. पोहायचा तलाव? नाही. झुले? नाही.

"एन्कार्नाच्या घरी सगळे माझाच पाव खायचे."

एन्कार्ना म्हणजे तिला उन्हाळाभर ठेवून घेणारी बाई. "म्हणजे गं?"

"म्हणजे एन्कार्ना, तिचा नवरा, पोरं, सगळे. वेगळा पाव घरात आणायचेच नाहीत. मी मध्ये बसायचे."

पैसेवाल्यांची चैन आहे बाई. इथे एका पोरीला पुरेल एवढं पीठ मिळताना नाकी नऊ येतात. तसं तिला म्हटलं नाही.

१ एप्रिल

बावीस किलो आठशे.

काटा पुन्हा तपासला. एवढंच करता येतं मला, काटा तपासणं!

२ एप्रिल

देग्जाच्या तंबूत सकाळपासून बसले. डबा बघितला, कुलूप ठीक. पीठ मोजून वापरतेय. वेगळं भांडं, वेगळा चमचा, तेलही वेगळं. लाल ताटली घासून उपडी घातलेली. पाहुण्यांना आता बिस्किटं देतात. कुठेही चूक सापडेना! मीच रडकुंडीला आले.

गालियाआजी तिच्या शेळ्यांचं रडगाणं गात होती. दूध आटलं म्हणे, त्यांना घालायचा वाळका पाव पुरत नाही म्हणे, पोतं भरून ठेवलं तरी चार दिवसांत तळाला जातं म्हणे. इकडे पोरीचं हाड दिसायला लागलं आणि हिला शेळ्यांची पडलीय! "आजी, मला शेळ्यांचं काय सांगता? मी पोरांची नर्स आहे!"

"शेळ्यांचं मुनिनाच बघते हल्ली," देग्जा म्हणाली. "स्वतःहून घेतलंय तिनं. सकाळ-संध्याकाळ जाते. फार शहाणी झालीय." अशक्त पोरीला कामाला लावलं म्हणून आणखी दोन शब्द सुनावले आणि निघाले.

९ एप्रिल

वाळूचं वादळ. दवाखाना बंद. दातांत वाळू, चहात वाळू, या पानावरही वाळू.

१७ एप्रिल

परदेशातून संशोधनवाले आले होते. आमच्यातच हे दुखणं एवढं का, रक्तात काय वेगळं आहे, ते शोधतायत. चांगली माणसं. गोड बोलतात. दोनशे नळ्या रक्त घेतलं, घरातल्या सगळ्यांचं. मी दिवसभर दंड बांधत होते आणि रडणारी पोरं धरत होते. मुनिना रडली नाही. उलट विचारलं, "यात दिसतं का, किती दुखणं आहे ते?" त्यांच्यातली एक म्हणाली, "काय हुशार मुलगी!"

जाताना मी त्यांच्या प्रमुखाला गाठलं. म्हटलं, संशोधन करा, जरूर करा. पण एकेचाळीस पोरांना दर महिन्याला एकेचाळीस पिशव्या मिळतील, असं काही शोधता आलं तर बघा. तो कसनुसा हसला. म्हणाला, ते आमच्या हातात नाही. कुणाच्याच हातात नसतं ते! तीस वर्षांनी गोळी निघेल, निघू दे, आनंद आहे. तोवर मी कुलपं वाटते.

६ मे

इस्पितळातले डॉक्टर सिदाहमेद यांनी निरोप पाठवून बोलावून घेतलं. संशोधनवाल्यांनी घेतलेल्या रक्ताचा, मुनिनाचा रिपोर्ट. गव्हाच्या दुखण्याचा आकडा एवढा वर की त्यांनी दोनदा तपासून घेतला.

"सुएल्मा, ही पोरगी गहू खातेय. थोडा नाही, रोज."

"शक्य नाही डॉक्टर. मी डोळ्यांनी बघितलंय त्यांचं स्वयंपाकघर."

"तुझे डोळे चुकतील. रक्त चुकत नाही."

कोण देतं तिला? देग्जा नाही, तिची किल्ली गळ्यात असते. बाप तर सैन्यात, तीन महिन्यांतून एकदा येतो. उरलं कोण?

७ मे

सापडलं. मुनिनाच्या दप्तराच्या तळाशी पावाचा चुरा. ओंजळभर! वाळका, कडक. मी दप्तर उलटं केलं तेव्हा पोरगी पांढरीफटक पडली. कोणी दिला, विचारलं. गप्प. आजीनं? गप्प. आजीला वाचवतेय, आणखी काय!

गेले आणि म्हातारीला तोंडावर विचारलं. ती चहा करत होती. केटली खाली ठेवली.

"मी? मी देईन?"

"लाडानं देत असाल. वेगळं ताट तुम्हाला पहिल्या दिवसापासून खुपतंय. कुत्र्याला घालतात तसं, तुम्हीच म्हणालात."

"म्हणाले. अजूनही म्हणते. पोर कडेला बसून जेवते ते बघून माझा घास उतरत नाही. पण पोरी, देवाची शपथ, त्या दिवसापासून माझ्या हातून तिला गव्हाचा कण गेला नाही. तू माझा तिसरा पेला न घेता उठलीस, त्या दिवसापासून."

म्हाताऱ्या माणसांच्या शपथा मी वीस वर्षं ऐकतेय. "रक्त चुकत नाही, आजी," म्हटलं. डॉक्टरांचंच वाक्य. मुनिना तंबूच्या दाराशी उभी होती. काहीतरी बोलायला तोंड उघडलं तिनं, आणि मिटलं.

१० मे

गालियाआजी गेली. दुसऱ्या छावणीत भावाकडे, साठ-सत्तर मैल. देग्जा सांगत आली. म्हातारी म्हणाली, "मी गेल्यानं पोर बरी होणार असेल तर मी कशाला राहू?" दोन मेलहफे, चहाची केटली आणि जपमाळ, एवढंच घेतलं.

देग्जा माझ्यावर चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. मी बरोबरच केलं. बरोबरच केलं!

२४ मे

एकवीस.

आजी जाऊन दोन आठवडे झाले. एकवीस किलो! घोटे सुजलेत, केस हातात येतात. शाळेत दोनदा चक्कर आली.

म्हणजे म्हातारी नव्हती. मग कोण? देग्जाच? आईच? देग्जाला विचारलं तर म्हणाली, "मलाही आता माझाच संशय यायला लागलाय, सुएल्मा. झोपेत देते की काय मी?"

हात टेकले मी. वीस वर्षांत असं कधी हरले नव्हते. शिव्या द्याव्या तर कुणाला?

२९ मे

डॉक्टर सिदाहमेद म्हणाले, आणखी वाट बघणं नको, इथे हिचं होणार नाही. यादीत घाल.

फॉर्म घेऊन गेले. चार पानं. 'किमान काळ – उपचार पूर्ण होईपर्यंत.' गव्हाच्या दुखण्याचे उपचार कधी पूर्ण होतात? जन्मभर होत नाहीत. मीच तर सभेत सांगितलं होतं. देग्जालाही ते समजलं. अक्षर न् अक्षर वाचून दाखवायला लावलं तिनं. नवऱ्याशी फोनवर बोलली. "तो म्हणतो, जिवंत राहू दे. कुठेही राहू दे."

मग म्हणाली, "मी आई असून मला जमलं नाही, आणि त्या बाईला जमेल. असंच ना?"

मीच मार्चमध्ये सगळ्यांसमोर हेच बोलून दाखवलं होतं. तेव्हा ती नुसती धमकी होती.

सही करून झाल्यावर फॉर्म माझ्याकडे दिला आणि चहा ठेवला. तिन्ही पेले घेतले मी. मुनिना आईला चिकटून बसली होती, तिच्या मांडीवर डोकं ठेवून. तिला सांगितलं तेव्हा एकदम उठून बसली. "खरंच? नाव लागलं?" देग्जानं तोंड फिरवलं. मला राग आला पोरीचा. खरंच आला. आई दुःखानं मरायला टेकलीय आणि ही हसते! मग वाटलं, मूल आहे. तिला काय कळतंय, बारा वर्षांनी आई आपल्याला ओळखत नाही म्हणजे काय ते.

"आईपण येईल ना मग बघायला?" तिनं विचारलं. "आणि आजी?"

देग्जा पेले विसळायला उठली.

३ जून

फॉर्म आजच्या गाडीनं गेला. वर डॉक्टरांची चिठ्ठी, 'घरी पथ्य अशक्य' म्हणून. खाली माझी सही. आता परत येणार नाही, पुढे गेला की तो पुढेच जातो.

गालियाआजीला निरोप धाडलाय, माफ करा म्हणून. चिठ्ठी नाही लिहिली, तिला वाचता येत नाही. टँकरवाल्याबरोबर तोंडी पाठवलाय. कसा सांगेल कुणास ठाऊक.

४ जून

सकाळी दवाखाना उघडत होते तर मुनिना दारात. एकटीच. हातात शेळ्यांच्या पावाची कापडी पिशवी. टेबलावर ठेवली, स्वतःच उघडून दाखवली. वाळके तुकडे. एकेका तुकड्याची कड चावलेली.

म्हणाली, "मावशी, आता नाव लागलं ना? मग आता हे नको ना खायला? पोटात फार दुखतं."